तेल कुठले?

सिल्वासाजवळच्या मसाट औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, खिडकीत लोणच्याची एक रिकामी बरणी असायची. ईटीपी सांभाळणारा ऑपरेटर तलासरीकडचा. पाळी संपवून निघताना तो आत येणारे सांडपाणी त्या बरणीत भरून ठेवी आणि सकाळी चहाच्या आधी तिच्याकडे बघे. बहुतेक दिवशी तीन थर स्वच्छ दिसत: वर तेलाचा तवंग, मध्ये ताकाच्या निवळीसारखे पाणी, तळाला गाळ. एखाद्या दिवशी मात्र वर काहीच नसे आणि बरणी तोंडापासून बुडापर्यंत दुधाळ असे. मग तो म्हणे, "साहेब, आज तेल वर यायचं नाही. कुणीतरी साबण सोडलाय." खात्यात जाऊन विचारले की आदल्या रात्री फरशी धुतल्याचे निघे.

त्याच पाण्याचा प्रयोगशाळेतला अहवाल आठवड्याने येई. त्यात 'ऑइल अँड ग्रीस' अशी एक ओळ आणि तिच्यापुढे एक आकडा. ही चाचणी फार साधी आहे. पाणी आम्ल करून हेक्सेनसारख्या द्रावकाबरोबर घुसळायचे, द्रावकात जे उतरेल ते वेगळे काढायचे, द्रावक उडवून लावायचा आणि भांड्यात जे उरेल त्याचे वजन करायचे. भारतीय मानक ३०२५ च्या ३९ व्या भागात ती सविस्तर दिली आहे. पण उरले ते कँटीनमधल्या भज्यांचे तेल आहे की यंत्राचे ग्रीस, हे वजनकाट्याला कळत नाही. कायद्यालाही ते कळायची गरज वाटलेली नाही. पाणी नदीनाल्यात सोडायचे असेल तर लिटरमागे १० मिलिग्रॅम, सामूहिक शुद्धीकरण केंद्राकडे पाठवायचे असेल तर २०, एवढेच तो सांगतो.

ज्यांच्या जिवावर आपण हे पाणी साफ करायला निघतो त्या सूक्ष्मजीवांचा मात्र पहिला प्रश्न हाच असतो: तेल कुठले? प्रस्तुत पुस्तक तेलकट औद्योगिक सांडपाण्यावरच्या अवायुजीवी, म्हणजे हवेविना चालणाऱ्या प्रक्रियेबद्दल आहे. ऑपरेटर तिला 'अनॅरोबिक' म्हणतात आणि पुस्तकातही बहुतेक ठिकाणी तोच शब्द ठेवला आहे. प्रस्तावना लिहिताना माझा हट्ट एकच आहे. वाचकाने टाकी, पंप आणि नळ यांच्याकडे वळण्याआधी या प्रश्नापाशी थोडे थांबावे.

सिल्वासा म्हटले की मराठी वाचकाला अजूनही ते पोर्तुगिजांपासून मुक्त झाले तो २ ऑगस्ट १९५४ आठवतो; सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे आणि त्यांच्याबरोबर निघालेले स्वयंसेवक आठवतात. त्याहून मागे गेलो तर या मुलखाचा आणि आपला संबंध जरा ओशाळवाणा आहे. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये 'सांताना' नावाचे पोर्तुगीज जहाज धरले, त्याच्या भरपाईपोटी पेशव्यांशी १७७९ मध्ये तह झाला आणि १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगिजांकडे गेली. एका जहाजाची नुकसानभरपाई म्हणून अख्खा परगणा! आज 'प्रदूषण करील तो भरपाई देईल' हे तत्त्व या भागातल्या कारखानदारांना समजावताना मला हा तह हमखास आठवतो. भरपाई म्हणून काय काय जाऊ शकते, याचा याहून बोलका दाखला जवळपास मिळणार नाही.

१९६१ मध्ये दादरा-नगर हवेली भारतात रीतसर सामील झाली. पुढे करसवलती आल्या आणि १९८० नंतर इथे कारखान्यांची रीघ लागली. मसाट, आमली, पिपरिया, राखोली, नरोली, खडोली ही नावे वारली, कोकणा आणि धोडिया पाड्यांच्या शेजारी औद्योगिक वसाहतींची नावे झाली. त्यांत पॉलिएस्टर धाग्याचे टेक्श्चरायझिंग करणारे कारखाने पुष्कळ. वंगणतेले आणि ट्रान्सफॉर्मर तेले बनवणाऱ्या देशातल्या अनेक मोठ्या कंपन्यांचे प्रकल्पही याच पट्ट्यात आहेत. शिवाय तांब्याची तार, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक. म्हणजे या गावाची ओळख सूत आणि तेल अशीच सांगावी लागेल, आणि सुतातही तेल आहेच. धागा यंत्रातून वेगाने पळताना तुटू नये, त्यावर स्थिर वीज साचू नये म्हणून त्याला तेल लावतात. कोनावर गुंडाळताना लावायचे ते कोनिंग ऑइल. ते मुख्यतः खनिज तेल असते आणि पुढे धुतले जावे म्हणून त्यात मुद्दाम पायसकारक, इमल्सिफायर, घातलेले असतात. पाण्यात मिसळावे म्हणूनच जे बनवले ते पाण्यातून सहज वेगळे कसे व्हावे? ऑपरेटरच्या बरणीतल्या दुधाळपणाचे कारण निम्म्या वेळा साबण असे आणि निम्म्या वेळा हे.

हे सगळे पाणी शेवटी दमणगंगेच्या खोऱ्यातले. नदी नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते, मधुबन धरणात अडते, सिल्वासाला वळसा घालून वापीजवळून जाते आणि दमणला समुद्राला मिळते. महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित प्रदेश असे तीन कारभार तिच्या काठावर आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक समूहांची प्रदूषणाच्या गुणांकाप्रमाणे यादी केली तेव्हा अंकलेश्वर पहिले आणि आपले शेजारी वापी दुसरे आले. वापीचे नाव झाले म्हणून सिल्वासा सुटले असे समजणारे लोक मी पाहिले आहेत. नदी एकच आहे आणि सिल्वासा वरच्या अंगाला आहे, हे त्यांना नकाशावर दाखवावे लागते.

आता हवेविना काय घडते ते. घरी विरजण लावणाऱ्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये, फक्त इथे एकाऐवजी चार पंगती बसतात. पहिल्या पंगतीतले जीवाणू मोठे रेणू तोडतात. तेल असेल तर लायपेज विकराने त्याचे ग्लिसरॉल आणि लांब साखळीची मेदाम्ले अशी फाळणी होते. दुसऱ्या पंगतीत ग्लिसरॉलसारख्या साध्या पदार्थांची लहान आम्ले होतात. तिसऱ्या पंगतीतले जीवाणू मेदाम्लांची साखळी दोन-दोन कार्बनांच्या तुकड्यांनी कापत जातात आणि ॲसिटेट व हायड्रोजन मागे ठेवतात. चौथी पंगत मिथेन करणाऱ्यांची. ते खरे तर जीवाणूच नव्हेत. कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये त्यांना आर्किया या वेगळ्याच कुळात बसवले. त्यांतले ॲसिटेटवर जगणारे काही दुप्पट व्हायला कित्येक दिवस घेतात. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, ते आठवले म्हणजे अनॅरोबिक टाकी सुरू करायला महिने का लागतात आणि ती बिघडायला एक शनिवार का पुरतो, याचा उलगडा होतो.

तिसऱ्या आणि चौथ्या पंगतीचे नाते विलक्षण आहे. मेदाम्ले कापणाऱ्यांचा हायड्रोजन साचला की त्यांचे काम ऊर्जेच्या हिशेबात तोट्यात जाते आणि ते थांबतात. शेजारी बसलेल्या मिथेनवाल्यांनी तो हायड्रोजन क्षणोक्षणी उचलला तरच त्यांच्या पोटात घास जातो. दुसरा पहिल्याचे उष्टे खातो म्हणून पहिला जगतो. सूक्ष्मजीवशास्त्रात याला सहपोषण म्हणतात. आपल्याकडे संयुक्त कुटुंबाबद्दल बरेच भावुक लिहिले जाते, पण इतकी कडक निकड त्यात कधी नव्हती.

हिशेब पाहायचा तर तेलासारखे अन्न नाही. एक किलो वनस्पती तेलाचा सीओडी, म्हणजे ते पूर्ण जाळायला लागणारा ऑक्सिजन, सुमारे २.९ किलो भरतो. सीओडीच्या दर किलोमागे प्रमाण तापमान-दाबाला ०.३५ घनमीटर मिथेन मिळायला हवा. म्हणजे एक किलो तेलामागे साधारण एक घनमीटर मिथेन. पिष्टमय पदार्थ याच्या निम्म्याच्याही खाली राहतात. एखाद्या कारखान्यातून रोज ५० घनमीटर पाणी निघते आणि त्यात लिटरमागे एक ग्रॅम वनस्पती तेल आहे असे धरा. रोज ५० किलो तेल, म्हणून कागदावर ५० घनमीटर मिथेन, म्हणजे हॉटेलवाल्यांच्या १९ किलोच्या दोन सिलिंडरांची आच. हेच पाणी हवा फुंकून साफ करायचे तर गॅस शून्य, वर रोज शंभरेक युनिट वीज आणि कितीतरी पट स्लज, म्हणजे सूक्ष्मजीवांचा गाळ. अनॅरोबिकच्या बाजूने बोलणारे सगळे सल्लागार इथपर्यंतचा हिशेब फळ्यावर मांडतात आणि चहा मागवतात. मीही मांडला आहे.

या विषयाचा इतिहास सांगणारी पुस्तके मुंबईपासून सुरुवात करतात, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवे. माटुंग्याच्या कुष्ठरुग्ण आश्रमात मैलापाण्याच्या टाकीवर झाकण घालून गॅस गोळा केला गेला आणि त्यावर इंजिन चालवले गेले. कित्येक इंग्रजी पाठ्यपुस्तके, आणि त्यांची नक्कल करणारे आपले प्रबंध, यासाठी १८५९ हे साल देतात. ते चूक आहे, कारण आश्रमच मुळी १८९० मध्ये सुरू झाला. गॅसचा प्रयोग १८९७ चा. आश्रम उभारण्यात पुढाकार होता मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांचा. वडाळ्याच्या रुग्णालयाला आज त्यांचेच नाव आहे. आणि हेच ॲकवर्थ शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करणारे. आपल्या पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह आणि आपल्या शहरातला पहिला मैलागॅस या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच माणूस सापडतो, याची नोंद साहित्याच्या इतिहासात नाही आणि सांडपाण्याच्या इतिहासातही नाही. म्हणून ती इथे करून ठेवतो. मुंबई पालिकेचे अभियंता सी. सी. जेम्स यांनी पूर्वेकडच्या शहरांतल्या सांडपाण्यावर पुढे जाडजूड ग्रंथ लिहिला. तो १९०६ चा.

तिथून पुढची वाट बहुतेकांना ठाऊक आहे. शेणाचा गॅस गावोगाव गेला. पुण्याच्या 'आरती' संस्थेत आनंद कर्वे यांनी पिष्ट, साखर, अखाद्य पेंड असे कसदार खाद्य दिले तर थोड्या खाद्यात भरपूर गॅस मिळतो हे दाखवले. गाईच्या पोटातून आधीच पिळून निघालेल्या शेणाकडून किती अपेक्षा करायची, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यासाठी 'निसर्गऋण' प्रकल्प उभा केला. महाराष्ट्रातल्या आसवनींनी स्पेंटवॉशसारखे जहाल पाणी मोठमोठ्या डायजेस्टरांत घालून त्यावर बॉयलर चालवले. नेदरलँड्समध्ये खाट्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात यूएएसबी ही टाकी आणली. तिच्यात पाणी खालून वर चढते आणि सूक्ष्मजीव एकमेकांना धरून साबुदाण्यासारखे दाणे बनवतात. दाणे जड, म्हणून वाहून जात नाहीत. लेटिंगांनी तिचे पेटंट घेतले नाही. कानपूरच्या जाजमऊला १९८९ मध्ये डच मदतीने रोज ५० लाख लिटरचा यूएएसबी प्रकल्प उभा राहिला आणि आपल्याकडे तिचे पर्व सुरू झाले.

मग तेलकट पाणी त्यात का घालू नये? घातले. आणि इथे मला एक स्वतःची फजिती सांगायची आहे.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. वनस्पती तेलांपासून कापडधंद्याला लागणारी रसायने करणारा एक कारखाना होता. नाव नको, कारण चूक त्यांची थोडी आणि माझी जास्त. यूएएसबी उत्तम चालली होती. एका शनिवारी साठवणटाक्या धुतल्या गेल्या आणि ते सगळे पाणी एका पाळीत डायजेस्टरला गेले. रविवारी गॅस वाढला. सगळे खूश. सोमवारी तो निम्म्यावर आला. मंगळवारी फेस चढला आणि बुधवारी टाकीच्या तोंडावर दुधावर यावी तशी जाड साय आली. ती साय म्हणजे आमचा स्लजच होता. मेदाम्लांनी दाण्यांना बाहेरून असे काही लिंपले की जड दाणे हलके झाले, तरंगले आणि पाण्याबरोबर बाहेर निघाले. मी अहवाल दिला की मेदाम्लांनी मिथेनवाले मेले आहेत, स्लज टाकून द्या, नवे विरजण आणा. त्या काळी सगळेच असे सांगत. टँकरने आसवनीतला स्लज आला, वर शेण, गूळ, युरिया, डीएपी. पुन्हा टाकी उभी राहायला पावसाळा संपला.

पुढे पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरातल्या मिन्यो विद्यापीठाचे काम वाचनात आले. मादालेना आल्व्हेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेदाम्लांनी लिंपलेला, मेला म्हणून सोडून दिलेला स्लज घेतला, त्याला नवे खाद्य द्यायचे थांबवले आणि नुसता ठेवून दिला. काही काळ काहीच नाही. मग गॅस सुरू झाला, आणि अंगाला चिकटलेली मेदाम्ले त्याने हळूहळू खाऊन टाकली. म्हणजे ते मेले नव्हते. अंगावर तेलाची गोधडी पडल्यामुळे घास आत जात नव्हता आणि गॅस बाहेर पडत नव्हता. त्या गटाने पुढे दाखवले की थोडे खाऊ घालायचे आणि मग उपास पाडायचा, असे आळीपाळीने केले तर हाच स्लज उत्तरोत्तर जास्त तेल पचवायला शिकतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही आपल्याकडे थट्टा आहे. तेलकट पाण्याच्या डायजेस्टरसाठी तो अक्षरशः कार्यक्रम आहे, फक्त एकादशी खरोखर पाळायची. मी टँकरभर जिवंत स्लज फेकून दिला होता. सिल्वासातल्या माझ्या चुकीचे उत्तर पोर्तुगालहून यावे, याची मौज तेव्हा वाटली नाही. आता वाटते.

या एका अनुभवातून तेल पचवण्याचे बरेचसे नियम निघतात आणि पुस्तकातली मधली प्रकरणे त्यांचाच विस्तार आहेत. तेल एकदम द्यायचे नाही. त्यासाठी आधी समतोल टाकी हवी आणि तिच्यात ढवळणी हवी. तेलाबरोबर दुसरे सोपे खाद्य असावे. आम्ले आणि क्षारता यांचे गुणोत्तर रोज काढायचे. ते ०.३ च्या आत आहे तोवर झोप लागते, वर चढू लागले की पाण्याचा पीएच बदलायची वाट न बघता खाद्य कमी करायचे. टाकी साधारण ३५ अंशांवर राहिली तर उत्तम, आणि इथल्या हवेत त्यासाठी फारसा खटाटोप पडत नाही. युरोपातल्या लोकांना याच गोष्टीसाठी बराच गॅस जाळावा लागतो. मलेशियात पामतेलाच्या गिरण्यांचे पाणी वर्षानुवर्षे अनॅरोबिक तळ्यांत जिरते ते याच उष्णतेच्या भांडवलावर.

हे सगळे झाले खाद्यतेलाचे, चरबीचे, मेदाम्लांचे. खनिज तेलाला यातले जवळजवळ काहीच लागू होत नाही, आणि सिल्वासातले तेल बहुतांशी खनिज आहे. पुस्तकाच्या वाचकाला कडू वाटेल असे हे वाक्य मी मुद्दाम प्रस्तावनेत घालतो.

वनस्पती तेलाच्या रेणूला जिथे ऑक्सिजन जोडलेला असतो तिथे विकराला सुरी लावायला जागा मिळते. खनिज तेलातल्या हायड्रोकार्बनला तशी फटच नाही. हवेवर जगणारे जीवाणू बाहेरचा ऑक्सिजन घालून ती फट पाडतात. हवा नसेल तर काय? फार वर्षे असे मानले जाई की काहीच नाही. १९९१ मध्ये जर्मनीत फ्रिड्रिश विडेल आणि सहकाऱ्यांनी हवेविना, सल्फेटच्या आधाराने संतृप्त हायड्रोकार्बन पूर्ण खाणारा जीवाणू दाखवला. १९९९ मध्ये ब्रेमेनच्या प्रयोगशाळेने हेक्साडेकेनपासून सरळ मिथेन होतो हे सिद्ध केले. २०२२ मध्ये चीनमधल्या शंगली तेलक्षेत्रातला असा एक आर्किया प्रसिद्ध झाला, जो दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय एकटाच तेलाचा मिथेन करतो. या बातम्यांची कात्रणे घेऊन विक्रेते कारखान्यांत येतात. बातम्या खऱ्या आहेत. पण ते सूक्ष्मजीव महिन्यांच्या आणि वर्षांच्या हिशेबाने खातात. तेलक्षेत्रात त्यांच्यापाशी लाखो वर्षे आहेत. आपल्या टाकीत पाणी एक-दोन दिवस राहते.

तेव्हा कोनिंग ऑइल, वंगणतेल, ट्रान्सफॉर्मर तेल यांना डायजेस्टरची वाट दाखवू नका. त्यांना त्याआधीच बाहेर काढा. सुट्टे तेल गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या एपीआय विभाजकात वर येते, पण तो १५० मायक्रॉनपेक्षा मोठ्या थेंबांसाठी आहे. त्याहून बारीक थेंबांना बारीक बुडबुड्यांवर बसवून वर आणावे लागते. दुधाळ पाणी आधी आम्लाने किंवा तुरटीसारख्या क्षाराने फाडावे लागते, जसे नासलेल्या दुधाचे पाणी सुटते. निघालेले तेल हा घातक कचरा आहे, तो परवानाधारक पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच जायला हवा. गेटवर रोखीने विकत घेणारा माणूस परवाना दाखवत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. एवढे करून जे पाणी उरते त्यात मेदाम्ले, मेदाम्लांपासून केलेले पायसकारक आणि कँटीनचे तेल असेल, ते अनॅरोबिकला द्या. दोन-तीन हजार माणसे जेवणाऱ्या वसाहतीतल्या कँटीनांचा ग्रीस ट्रॅप हा इथल्या सूक्ष्मजीवांसाठी वंगणकारखान्याच्या सांडपाण्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे, आणि तो आज बहुधा गटारात उपसला जातो.

दोन तेले वेगळी ओळखायला फार खर्च येत नाही. हेक्सेनमध्ये उतरलेला अर्क सिलिका जेलमधून काढला की मेद आणि मेदाम्ले जेलला चिकटतात, खनिज तेल पार होते. आधीचे वजन आणि नंतरचे वजन, एवढाच वाढीव उद्योग. प्रयोगशाळा मागितल्याशिवाय तो करत नाहीत. मागा.

पुस्तकाबद्दल थोडेसे. लेखकांनी ते पदवीधर अभियंत्यासाठी लिहिलेले नाही. तलासरी, जव्हार, मोखाडा, पेठ या बाजूंनी रोज सिल्वासाला आणि वापीला येणारी मुले ईटीपीवर लागतात, त्यांच्यासाठी ते आहे. त्यांच्या हाती असलेले सगळे साहित्य इंग्रजीत असते, मालक गुजराती किंवा हिंदी बोलतो आणि टाकी कुठलीच भाषा बोलत नाही. म्हणून शब्द त्यांचेच ठेवले आहेत: स्लज, डोसिंग, बायपास. गणिते बेरीज-गुणाकारात भागवली आहेत. सल्फेटच्या पाण्याचे प्रकरण मला तोकडे वाटते. सल्फेट असले की गंधकाचे जीवाणू मिथेनवाल्यांच्या तोंडचा हायड्रोजन पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. कातडीधंद्याला आणि रंगधंद्याला हे रोजचे दुखणे आहे. पुढच्या वेळी ते वाढवावे.

त्या वायूवरून एक गोष्ट, जी पुस्तकात अकराव्या प्रकरणात आहे आणि माझ्या मते पहिल्या पानावर हवी होती. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून टाकीत उतरलेली माणसे परत आलेली नाहीत, आणि त्यांना काढायला उतरलेलीही नाहीत. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीला पुरतो. मालक सांगो, सुपरवायझर सांगो, पाळी संपत आलेली असो: वायुमापक, बाहेरून हवा देणारा मुखवटा, कमरेला दोर आणि वर दोघे जण, यांतले एक जरी नसेल तर रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही उतरू नका. नोकरी गेली तर दुसरी वसाहत शेजारी आहे.

पुस्तकाच्या शेवटी सोळा पाने कोरी सोडली आहेत. ती माझ्या आग्रहावरून. रोज सकाळी बरणीत काय दिसले, किती थर, कुठला रंग, आदल्या दिवशी खात्यात काय धुतले, हे त्यांत लिहावे, कुठल्याही भाषेत. वर्षभराच्या नोंदी झाल्या की त्यांची एक प्रत लेखकांकडे पाठवा. दुसऱ्या आवृत्तीत सिल्वासाच्या तेलावर स्वतंत्र प्रकरण घालायचे आहे आणि ते तुमच्या नोंदींवाचून लिहिता येणार नाही.